तीन चुकीची उत्तरे

शिक्षकाला बरोबर उत्तर ठाऊक असते. त्यासाठीच त्याला पगार मिळतो. पण एका प्रश्नाला तीन चुकीची उत्तरे, आणि तीही पटण्याजोगी, लिहून द्या म्हटले, की चांगले मुरलेले शिक्षकसुद्धा पेनाचे टोपण चावत बसतात. गेली काही वर्षे आमच्या शाळेत आम्ही संगणकावर बहुपर्यायी प्रश्नांच्या चाचण्या तयार करीत आहोत. या उद्योगात संगणकाविषयी जेवढे कळले, त्याहून पुष्कळ अधिक या चुकीच्या उत्तरांविषयी कळले.

हा प्रश्नप्रकार मूळचा अमेरिकेतला. कॅन्ससमधील फ्रेडरिक केली या शिक्षणतज्ज्ञाने १९१४-१५च्या सुमारास वाचनाची एक चाचणी तयार केली, तीत दिलेल्या पर्यायांतून उत्तर निवडायचे होते. तपासणाऱ्याची मर्जी गुणांत उतरू नये आणि तपासणी झटपट व्हावी, हा त्यामागचा हेतू. आपल्याकडे 'योग्य पर्याय निवडा' हा प्रश्न वर्षानुवर्षे पत्रिकेच्या पहिल्या पानावर मुकाट्याने बसलेला असे. चार-पाच गुणांचा मामला, त्याकडे कोण लक्ष देतो! मात्र कोरोनाच्या काळात, जुलै २०२१मध्ये, कर्नाटकातील दहावीची परीक्षाच या पद्धतीने झाली. १९ तारखेला गणित, विज्ञान आणि समाजविज्ञान, २२ तारखेला तिन्ही भाषा. प्रत्येक विषयाला ४० प्रश्न आणि उत्तरादाखल वर्तुळे भरायची. त्या वर्षी सीमाभागातल्या मराठी माध्यमाच्या शाळांतून सरावासाठी साहित्य शोधताना सर्वांचीच धावपळ उडाली. इंग्रजीत आणि कन्नडमध्ये ढीगभर मिळत होते. मराठीत, आणि तेही आपल्या अभ्यासक्रमाचे, ते आपणच करायला हवे होते.

गूगल फॉर्म सर्वांच्या परिचयाचा आहे, पण त्याला प्रत्येक मुलापाशी इंटरनेट लागते. आमच्या संगणक कक्षात जुनी यंत्रे, आणि पाऊस जोराचा आला की इंटरनेट गावाला गेलेले. म्हणून आम्ही 'हॉट पोटॅटोज' नावाचे सॉफ्टवेअर घेतले. कॅनडातील व्हिक्टोरिया विद्यापीठातल्या मंडळींनी ते गेल्या शतकाच्या अखेरीस तयार केले आणि २००९पासून ते फुकट आहे. त्यात पाच भाग: बहुपर्यायी प्रश्नांचा, गाळलेल्या जागांचा, जोड्या लावण्याचा, शब्दकोड्याचा आणि विस्कटलेली वाक्ये जुळवण्याचा. आपण चौकटींत प्रश्न आणि पर्याय भरायचे, बरोबर पर्यायापुढे खूण करायची आणि पान तयार करून घ्यायचे. ते पान कोणत्याही ब्राउझरमध्ये उघडते. पेनड्राइव्हवरून यंत्रात टाका किंवा संकेतस्थळावर चढवून पालकांच्या मोबाइलवर पाठवा, दोन्ही चालते.

पहिली अडचण लिपीची आली. आमच्या जुन्या प्रश्नपत्रिका ज्या फाँटमध्ये टंकलेल्या होत्या, तो मजकूर या चौकटीत उतरवला की नुसती इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसे. सगळे पुन्हा युनिकोडमध्ये टंकावे लागले. त्या कामी आमचे कन्नडचे शिक्षक पुढे सरसावले. इनस्क्रिप्ट कळफलकावर मराठीचा 'क' आणि कन्नडचा 'क' एकाच कळीवर असतो. त्यामुळे कन्नड टंकलेखन शिकलेला हात देवनागरीतही तसाच चालतो. सरकारी यंत्रणेने ठरवलेल्या कळफलकात दोन भाषांचा इतका समेट असेल, हे या भागात राहून माझ्या ध्यानीमनी नव्हते.

खरी कसोटी पुढे होती. या सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक पर्यायाशेजारी आणखी एक चौकट असते. मुलाने तो पर्याय निवडला तर त्याला काय सांगायचे, ते तिथे लिहायचे. 'चूक, पुन्हा प्रयत्न करा' एवढे लिहून मोकळे होता येते आणि पुष्कळजण होतातही. पण चौकट रिकामी दिसली की मनाला टोचणी लागते: हे उत्तर मूल का निवडेल? कारण सुचत नसेल तर तो पर्याय तिथे हवाच कशाला?

उदाहरण देतो. 'बटाटा हे वनस्पतीचे ___ आहे.' मूळ, खोड, फळ, फूल. जीवशास्त्राच्या बाईंनी हा प्रश्न आणला. 'फूल' कोणीच निवडणार नाही, ते केवळ खुर्ची भरायला बसवलेले. 'मूळ' हे मात्र जिवंत उत्तर. बेळगाव तालुक्यातली आमची मुले बटाटे आणि रताळी दोन्ही काढायला शेतात जातात. दोन्ही मातीखालून येतात, मग दोन्ही मुळेच, हा त्यांचा हिशोब. त्यात कानावर कन्नड. कांदा म्हणजे उळ्ळागड्डी, बटाटा म्हणजे आलूगड्डे. गड्डा तेवढा एकच! तेव्हा 'मूळ'च्या शेजारी बाईंनी लिहिले, "बटाट्याला डोळे असतात, त्यांतून कोंब फुटतो. रताळ्याला असे डोळे दिसतात का, घरी जाऊन बघ." आणि 'फूल' काढून टाकले.

"सर, तीनच पर्याय ठेवले तर चालतात का हो? चौथा काय घालू सांगा की."

चालतात. मायकेल रॉड्रिग्ज या अभ्यासकाने ऐंशी वर्षांतले संशोधन एकत्र करून २००५ मध्ये हेच मांडले की, बहुतेक ठिकाणी तीन पर्याय पुरेसे होतात. अंदाजपंचे ठोकणाऱ्याला थोडा फायदा होतो, हे खरे. वीस प्रश्नांत चार पर्याय असतील तर नुसत्या नशिबावर सरासरीने पाच गुण, तीन असतील तर सहा-सात. परंतु चौथा बुजगावण्यासारखा असेल तर तो शेत राखीत नाहीच.

मुलांची नजर याबाबतीत फार तीक्ष्ण. सर्वांत लांब पर्याय बहुधा बरोबर असतो, हे त्यांनी केव्हाच ओळखलेले असते. मराठीत तर लिंगच चुगली करते: वाक्यात 'ती' आली आणि पर्यायांत एकच स्त्रीलिंगी शब्द असला, की धडा न वाचताही गुण मिळतो.

ही पाने, साध्या वापरात, मुलाने काय निवडले याची नोंद ठेवत नाहीत. म्हणून आम्ही वही घेऊन मुलांच्या मागे उभे राहू लागलो. नववीतला एक मुलगा, वडील कन्नड भाषक, आई मराठी. हात हुशार, प्रयोग नीटनेटका, पण विज्ञानाच्या चाचणीत गुण कमी. प्रश्न होता: पानाचा काही भाग काळ्या कागदाने झाकला, पान उन्हात ठेवले, झाकलेला भाग आयोडीनने निळा-काळा झाला नाही, यावरून योग्य अनुमान निवडा. त्याने निवडले, 'कागद नीट बसला होता की नाही ते सांगता येत नाही.' का रे, म्हणून विचारले.

"अनुमान म्हणजे संशय न्हवं, सर?"

कन्नडमध्ये अनुमान म्हणजे शंका, संशय. घरी रोज ऐकलेला शब्द. जर्नलमध्ये निरीक्षणाखाली 'अनुमान' असा मथळा त्याने कित्येकदा लिहिला होता, फळ्यावरून उतरवून. विज्ञान त्याला येत होते. बोर्डाच्या पत्रिकेत हा शब्द आला असता तर त्याच्या शेजारी कोणी चौकट ठेवलेली नसती.

तेव्हापासून भाषेच्या शिक्षकांनी अशा शब्दांचीच एक चाचणी केली आहे. 'अवकाश' घ्या: हिंदीत सुट्टी, कन्नडमध्ये संधी, मराठीच्या भूगोलात पृथ्वीबाहेरची पोकळी आणि आजीच्या बोलण्यात 'लग्नाला अजून अवकाश आहे'. 'अवसर' मराठीत संधी किंवा सवड, कन्नडमध्ये घाई. नुसता शब्द विचारला तर चारही पर्याय कोणाच्या ना कोणाच्या घरी बरोबर ठरतात. म्हणून प्रत्येक शब्द वाक्यात घालून विचारायचा.

परीक्षेसाठी मात्र ही पाने वापरू नयेत, असे माझे मत आहे. पानाचा मूळ मजकूर उघडून पाहिला तर बरोबर उत्तर काढता येते. आमच्या दहावीतल्या दोघांनी ते मला सविस्तर समजावून सांगितले. त्यांना मी संगणक कक्षाची किल्ली सांभाळायला दिली आहे.

यंदा नववीची मुले गटागटाने स्वतः प्रश्न करतात. अट एकच: प्रत्येक चुकीच्या पर्यायापुढे कारण लिहायचे. एका मुलीने 'अनुमान' घेतला. 'शंका' या पर्यायापुढे तिने लिहिले, "आमच्या घरी बरोबर. इथे पुन्हा वाच." बाईंना ती भाषा जरा मोघम वाटली, व्याख्या द्यावी असे त्यांचे म्हणणे पडले. मी तो मजकूर तसाच राहू दिला आहे.