ऊन, पाऊस आणि हाँगकाँग

दक्षिण चीनच्या किनाऱ्यालगत, पर्ल नदीच्या मुखाशी, हाँगकाँगचे डोंगराळ बेट आहे. बेटाचे क्षेत्रफळ ८० चौरस किलोमीटरच्या आसपास. त्यातील बराच भाग उताराचा आणि झाडीचा असल्यामुळे उत्तरेकडील अरुंद किनारपट्टीवर शहर दाटीने वसले आणि जागा संपली तसे आकाशाकडे वाढत गेले. समोर बंदर, बंदरापलीकडे कौलूनचा भूभाग. दोन्ही तीर मिळून आज एकच महानगर झाले आहे. हिऱ्या-मोत्यांच्या आणि दागिन्यांच्या प्रदर्शनांमुळे हे नाव आपल्या अनेक व्यापारी घरांत रोजच्या बोलण्यातले आहे; परंतु प्रदर्शनाचे सभागृह, हॉटेल आणि विमानतळ यांपलीकडचे हाँगकाँग पाहण्याची सवड फार थोड्यांना मिळते. जूनमधील प्रदर्शन आटोपून एक रविवार हाताशी उरला, तर तो या शहराच्या ऋतूसोबत घालवण्याजोगा आहे.

हवामानशास्त्र या शहराची गणना उपोष्ण प्रदेशात करते, कारण येथे हिवाळ्यात उत्तरेचे कोरडे वारे खरोखरीचा गारवा आणतात. परंतु हाँगकाँग कर्कवृत्ताच्या किंचित दक्षिणेस असल्यामुळे मुंबई-पुण्याप्रमाणे येथेही वर्षातून दोनदा शून्य सावलीचा दिवस येतो: एकदा जूनच्या पहिल्या आठवड्यात आणि पुन्हा जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात. त्या काळात माध्यान्हीचा सूर्य ऐन डोक्यावर असतो. वर्षभरात सरासरी २४०० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि सर्वांत ओला महिना जूनच. मुंबईकराला हे आकडे ओळखीचे वाटतील. फरक पावसाच्या वागण्यात आहे. येथे आषाढासारखी दिवसदिवस लागून राहणारी झड कमी. सकाळचे निरभ्र आकाश तासाभरात काळवंडते, पाऊस भिंत कोसळावी तसा कोसळतो, आणि थोड्या वेळाने ओल्या रस्त्यांवरून वाफा उठू लागतात.

सूर्योदय पावणेसहाच्या सुमारास. कौलूनच्या दक्षिण टोकावरील त्सिम शा त्सुई येथे त्या वेळी वयस्क स्त्रीपुरुष बंदराच्या कडेने संथ लयीतील व्यायाम करीत असतात. आर्द्रता ८० टक्क्यांच्या घरात असल्यामुळे पहाटेही अंगाला घाम सुटतो. समोरच्या बेटावर व्हिक्टोरिया शिखराचा ५५२ मीटर उंचीचा माथा ढगात असतो आणि उंच इमारतींच्या मधून घारी गिरक्या घेतात. याच भागात, नेथन रस्त्यालगतच्या झाडीच्या टेकडीवर, १८८३ साली स्थापन झालेली हाँगकाँगची वेधशाळा आहे. समुद्रावर जगणाऱ्या शहराला वेळ आणि वारा या दोहोंची खबर हवी होती. म्हणून १८८५ पासून किनाऱ्यावरील मनोऱ्यावरून चेंडू खाली सोडून जहाजांना अचूक वेळ कळवली जाई, आणि वादळी वाऱ्यांची शक्यता दिसताच मनोऱ्याच्या पायथ्याशी तोफ उडवली जाई.

ही खबर किती मोलाची, हे शहराला १८ सप्टेंबर १९०६ रोजी कळले. त्या दिवशीचे चक्रीवादळ इतक्या अल्प सूचनेनंतर येऊन थडकले की होड्यांवर राहणारी हजारो माणसे बंदरातच बुडाली. पुढे १९१७ पासून वादळाच्या इशाऱ्यांना क्रमांक मिळाले. आज १, ३, ८, ९ आणि १० हे आकडे येथील शाळकरी मुलालाही पाठ असतात. आठव्या क्रमांकाचा इशारा लागला की शाळा बंद होतात, दुकाने फळ्या लावतात, कचेऱ्या कर्मचाऱ्यांना वेळेत घरी पाठवतात. शेअरबाजारही त्या दिवशी बंद राहत असे. सप्टेंबर २०२४ पासून तेथील व्यवहार वादळातही संगणकाद्वारे चालू ठेवण्याची पद्धत आली. पावसासाठी रंगांची भाषा आहे: तासाला ३० मिलिमीटरहून अधिक पावसासाठी पिवळा, ५० साठी लाल आणि ७० साठी काळा इशारा.

त्सिम शा त्सुईहून बेटाकडे जाण्यासाठी भुयारी रेल्वे आहे, तरी उन्हाळ्याच्या सकाळी स्टार फेरीची हिरवी-पांढरी बोटच घ्यावी. लाकडी बाकांच्या पाठी उलटवून हव्या त्या दिशेला तोंड करता येते, आणि जेमतेम दहा मिनिटांच्या प्रवासात बंदराचा वारा घामेजल्या चेहऱ्याला लागतो. या सेवेचा आरंभ मुंबईहून आलेल्या डोराबजी नवरोजी मिठाईवाला या पारशी गृहस्थांनी १८८८ साली स्थापलेल्या कौलून फेरी कंपनीतून झाला. हाँगकाँग विद्यापीठाच्या उभारणीसाठी मोठी देणगी देणारे होरमसजी मोदी हेही मूळ मुंबईचेच. त्यांच्या नावाचा रस्ता त्सिम शा त्सुईत आहे. मुंबई बंदरातून निघालेल्या माणसांनी परक्या गावात केवळ पेढी न मांडता गावाच्या सोयीचीही चिंता वाहिली, याच्या या खुणा आहेत.

बेटावर उतरल्यावर सेंट्रल हा बँकांचा आणि कचेऱ्यांचा परिसर लागतो. रविवारी मात्र तेथे निराळेच दृश्य दिसते. फिलिपिन्स आणि इंडोनेशियातून घरकामासाठी आलेल्या हजारो स्त्रिया पादचारी पुलांवर, मोठ्या इमारतींच्या खालच्या मोकळ्या जागेत, पुठ्ठे अंथरून बसलेल्या असतात. कोणी डबा उघडते, कोणी मैत्रिणीचे केस विंचरते, कोणी फोनवर आपल्या लेकराशी बोलते. या शहरात अशा तीन लाखांहून अधिक स्त्रिया काम करतात. कायद्याने त्यांना मालकाच्याच घरी राहावे लागते आणि आठवड्यातून एक दिवस सुट्टी मिळते. त्या एका दिवसापुरते त्यांना स्वतःचे घर नसते. जूनची सर आली की पुठ्ठे उचलून सगळ्या आणखी आत सरकतात, आणि पाण्याची रेघ जिथपर्यंत येते तिथपर्यंत त्यांचे अंगण आखडते.

सेंट्रलपासून डोंगराकडे १९९३ साली सुरू झालेली सरकत्या जिन्यांची मालिका चढत जाते. सुमारे ८०० मीटर लांबीची ही छताखालील वाट सकाळी दहापर्यंत खाली उतरते, कारण त्या वेळी वरची वस्ती कामाला निघालेली असते. दहानंतर तिची दिशा फिरते. वर पोहोचल्यावर कॉन्ड्युइट रस्त्याने पश्चिमेकडे चालू लागले की दाट सावली मिळते. जुन्या दगडी भिंतींना वडाच्याच कुळातील नांदरुखांनी मुळांनी कवटाळलेले असते. भिंतींवर आणि सिमेंटने लिंपलेल्या उतारांवर पाणी निघून जाण्यासाठी छिद्रे ठेवलेली असतात, आणि जागोजागी एक लहानशी पाटी दिसते. त्या पाटीवर त्या उताराचा नोंदणी क्रमांक असतो.

घरांना क्रमांक असतात तसे येथे डोंगरउतारांनाही आहेत, आणि त्यामागे मोठे दुःख आहे. जून १९७२ मध्ये तीन दिवसांत सुमारे ६५० मिलिमीटर पाऊस झाला. १८ जून रोजी कौलूनमधील साउ माउ पिंग येथे भरावाची माती खचून गरिबांच्या झोपड्यांवर आली. ७१ माणसे गेली. त्याच रात्री बेटावर पो शान रस्त्याजवळचा डोंगर सुटला आणि सधन वस्तीतील बारा मजली इमारत आडवी झाली. तेथे ६७ जणांचा अंत झाला. झोपडी आणि हवेली यांच्यात त्या दिवशी पावसाने भेद केला नाही. चार वर्षांनी साउ माउ पिंग येथे पुन्हा माती घसरली. त्यानंतर १९७७ साली उतारांची देखरेख करणारे स्वतंत्र सरकारी कार्यालय स्थापन झाले. आज सुमारे ६०,००० मानवनिर्मित उतार त्याच्या नोंदीत आहेत. त्यांची पाहणी होते, दुरुस्ती होते, आणि मुसळधार पावसात दरडींचा इशारा दिला जातो. सप्टेंबर २०२३ मध्ये वेधशाळेत एका तासात १५८.१ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला, तेव्हा शहर पाण्यात गेले, रस्ते खचले. तरी १९७२ सारखा संहार झाला नाही. वहीतील प्रत्येक रकमेचा जसा हिशेब लागतो, तसा येथे डोंगराच्या प्रत्येक कडेचा लागतो. माळीणसारखे दुःख पाहिलेल्या महाराष्ट्राला त्या लहान पाट्यांचे मोल सांगावे लागू नये.

दुपारच्या जेवणासाठी भुयारी रेल्वेने डायमंड हिल गाठावे. नाव ऐकून हिऱ्यांच्या व्यापाऱ्याचे कान टवकारतात, परंतु येथे हिऱ्यांची खाण कधीच नव्हती. स्थानिक भाषेत ‘हिरा’ आणि ‘दगडाला भोक पाडणे’ यांसाठी एकच शब्द असल्याने दगडखाणीच्या टेकडीला हे झगमगते नाव पडले, असे सांगतात. स्थानकाजवळच ची लिन हा बौद्ध भिक्षुणींचा मठ आहे. १९३४ साली स्थापन झालेल्या या मठाची आजची वास्तू १९९० च्या दशकात तांग काळाच्या शैलीत, लोखंडी खिळे न वापरता लाकडे एकमेकांत बसवून उभारली गेली. अंगणातील कुंडांत जूनमध्ये कमळे फुललेली असतात. शेजारच्या नान लियान उद्यानात एका धबधब्यामागे शाकाहारी भोजनालय आहे.

चिनी बौद्ध परंपरेतील या जेवणात कांदा-लसूण वर्ज्य असते. वर्ज्य मानलेल्या पाच उग्र पदार्थांत हिंगाचाही समावेश होतो, हे वाचून आपल्या स्वयंपाकघरांत नवल वाटेल. अनेक श्रद्धाळू चिनी कुटुंबे चांद्रमासाच्या पहिल्या आणि पंधराव्या दिवशी असे अन्न घेतात. आपल्याकडील अष्टमी-चतुर्दशीची आठवण त्यातून होते. तथापि कमळकंद, अरवी, गाजर आणि अळंबी ही तेथे सर्रास वापरली जातात. त्यामुळे कंदमुळांचा त्याग असलेल्यांनी ताटात काय येणार, हे आधी विचारून घ्यावे. एका गोष्टीची मात्र चिंता नको: उकळलेले गरम पाणी पिण्याची चाल येथे घरोघरी आहे आणि मागताच ते मिळते.

दुपार ढळता ढळता ऊन पुन्हा चढते. वातानुकूलित दुकानांतून बाहेर पडताच चष्म्याच्या काचा धुरकटतात आणि यंत्रांचे पाणी वाटसरूंच्या डोक्यावर ठिबकते. वेधशाळेतील उच्चांक ३६.६ अंशांचा, २२ ऑगस्ट २०१७ चा. राजस्थान-विदर्भाला हा आकडा किरकोळ वाटेल. परंतु जुन्या इमारतींत एका घराच्या चार-पाच खोल्या पाडून दोन लाखांहून अधिक माणसे राहतात, आणि खिडकी नसलेल्या खोलीत, अशा दमट हवेत, रात्रही निवत नाही. अतिउष्णतेचा इशारा लागला की सरकार काही सभागृहे रात्री निवाऱ्यासाठी उघडते. इशारा सर्वांना सारखाच मिळतो. तो ऐकून आत जाण्याजोगे घर सर्वांजवळ नसते. या संपन्न शहराचा हा हिशेब अजून पुरा व्हायचा आहे.

सूर्यास्त सात वाजून दहा मिनिटांच्या सुमारास होतो. चौविहार असणाऱ्यांनी साडेसहापर्यंत जेवण उरकावे आणि मग बेटावरील ट्राममध्ये बसावे. १९०४ पासून चालू असलेल्या ट्रामसेवेतील या दुमजली गाड्यांना लोक घंटेच्या नादावरून ‘डिंग डिंग’ म्हणतात. मागच्या दाराने चढायचे, उतरताना पुढे पैसे टाकायचे. वरच्या मजल्यावरील उघड्या खिडकीशी बसले की फळांची दुकाने, औषधी मुळ्यांचे ढीग आणि गल्ल्यांच्या टोकाला क्षणभर दिसणारे बंदर सावकाश मागे सरते. सर येऊन गेलेली असेल, तर रुळांवर पाणी चमकते. वाटेत कुठेतरी, पुठ्ठ्यांच्या घड्या काखेत घेऊन, रविवारच्या मैत्रिणी एकमेकींचा निरोप घेत असतात; दिवस मावळला की त्यांना मालकाच्या घरी परतायचे असते.