दाराची फट

जुनी उघडी मोटार विकत घेण्यास निघालेला मनुष्य प्रथम तिचा टप पाहतो, मग रंग पाहतो, मग इंजिन सुरू करवून त्याचा नाद ऐकतो आणि खिशांत हात घालतो. वास्तविक टप नवा शिवतां येतो, रंग पुन्हां देतां येतो, आणि इंजिन उतरवून दुरुस्त करणारे मिस्त्री आमच्या यवतमाळासही मिळतात. जिच्यावर गाडीचें जगणें-मरणें अवलंबून असतें ती गोष्ट गुडघे टेकून मान वांकडी केल्याखेरीज दिसत नाहीं. आणि पांढरपेशा गिऱ्हाइकास गुडघे टेकण्याचा मोठा संकोच! विकणाऱ्यांच्या पुष्कळशा पापांवर पांघरूण पडतें तें ह्या संकोचामुळेंच.

गेल्या मार्गशीर्षांत आमचा भाचा दारव्हा तालुक्यांतील एका खेड्यांत अशी गाडी पाहावयास निघाला, तेव्हां त्यानें आम्हांस बरोबर घेतलें. आम्ही महाविद्यालयांत रसायनशास्त्र शिकवितों. तेव्हां गंज हा मामांचाच विषय, असा त्याचा हिशेब. भाचा लग्नाच्या मांडवांचा धंदा करतो. घोड्याऐवजीं उघड्या मोटारींतून वरात काढण्याची हौस अलीकडे खेड्यापाड्यांतूनही पसरली आहे, आणि त्या हौसेवर आपलाही संसार थोडा चालावा, एवढीच त्याची इच्छा होती. बरोबर एक म्हातारे मिस्त्रीही होते. आमच्या रसायनशास्त्रापेक्षां भाच्याचा भरंवसा त्यांच्यावर अधिक असावा, आणि तो अस्थानीं नव्हता.

गाडी १९५० सालची टपाची मॉरिस मायनर. ही जात लंडनच्या प्रदर्शनांत १९४८ साली प्रथम लोकांपुढें आली. तिचा कर्ता अलेक इसिगोनिस. पुढें १९५९ साली 'मिनी' निर्माण केली तो हाच. समोरची कांच दोन तुकड्यांची, मागच्या बाजूंना काढतां-घालतां येणारे पडदे, आणि चेहरा असा भाबडा कीं पाहणाऱ्यास तिच्या पोटांत कांहीं कपट असेल अशी शंकाही येऊं नये. परंतु गोम आहे ती रचनेंत. पूर्वीच्या मोटारींना खालीं स्वतंत्र लोखंडी चौकट असे. तिला मिस्त्री लोक चासी म्हणतात. तिच्यावर मोटारीचा डबा नुसता बसविलेला असे. शिवडीस १९२८ पासून जनरल मोटर्सच्या कारखान्यांत ज्या शेवरोलेट जुळविल्या जात, त्यांच्या डब्याचा सांगाडा तर लांकडाचा असे. तसली गाडी पाहतांना गंजाइतकीच वाळवीही शोधावी लागते. मायनरला अशी स्वतंत्र चौकट नाहीं. पत्र्याचा डबा हाच तिचा कणा. बंद गाडींत छप्पर त्या कण्यास हात देतें. छप्पर काढलें कीं काय होतें, हें पाहावयाचें असेल तर आगपेटीचा आंतला खण बाहेर काढून चिमटींत पिळून पाहावा. म्हणून कारखान्यांतच टपाच्या गाडीस खालून जादा पत्र्यांची मजबुती दिलेली असे. सगळा भार येतो तो दारांखालून पुढच्या चाकापासून मागच्या चाकापर्यंत गेलेल्या दोन पोकळ पेट्यांवर. त्यांना आम्ही उंबरे म्हणूं. घराप्रमाणें येथेंही उंबऱ्यावरून सगळे ये-जा करतात आणि त्याच्याकडे पाहत कोणीच नाहीं.

ह्या उंबऱ्यांत गंज आंतून लागतो. लोखंड, पाणी आणि हवेंतील प्राणवायु हीं तिन्ही जमलीं कीं त्याचें काम सुरू होतें, आणि मीठ मिळालें कीं वेग वाढतो. झालेला गंज मूळ लोखंडापेक्षां कितीतरी अधिक जागा व्यापतो, म्हणून तो पत्र्याला आंतून फुगवितो. रंगावर मसुरीएवढा फोड दिसला तर गिऱ्हाइकानें रोग आतां सुरू झाला असें समजूं नये. तो बाहेर पडावयास आला असें समजावें. मुंबईच्या गाड्या समुद्राच्या खाऱ्या हवेनें मरतात. आमच्या जिल्ह्यांत समुद्र नाहीं आणि आठ महिने हवा कोरडी, म्हणून 'यवतमाळची गाडी म्हणजे बिनगंजाची' असें दलाल छातीठोकपणें सांगतात. ह्या दलालांनीं काळ्या मातीचा चिखल कधीं तुडविला नसावा. आमची कापसाची जमीन पाणी पिऊन फुगते आणि तें सहजासहजीं सोडीत नाहीं. हाच चिखल मडगार्डाच्या आंत थापला गेला कीं वरून तो वाळलेला दिसतो, आणि आंत पत्रा आश्विनापर्यंत ओल्या पोटिसांत बांधून ठेवल्यासारखा असतो. त्यांत पुन्हां शेतकऱ्याचें घर! बैलगाडी कामांत असली कीं खताचीं पोतीं मोटारींतून शेतावर जातात. पालाशाचें खत हें मिठाचें सख्खें भावंड आहे, आणि पोत्यांतून सांडलेली चिमूटभर पूड गालिच्याखालीं किती वर्षें टिकते, हें आम्हांस त्या गोठ्यांत प्रत्यक्ष पाहावयास मिळालें.

गाडी गोठ्यांत उभी होती. मालकीणबाई सत्तरीच्या पुढच्या. यजमान जाऊन सहा वर्षें झालेलीं. भाऊबंदांत वाटणी होऊन गोठा दुसऱ्याच्या वांट्यास गेला होता, आणि नात नर्सिंगच्या शिक्षणासाठीं निघाली होती. शकुंतला गाडी धांवत असतांना दारव्ह्याच्या स्टेशनावर पाहुणे आणावयास हीच मोटार जाई, असें त्यांनीं मोठ्या अभिमानानें सांगितलें. त्यांची मागणी साडेतीन लाखांची. अकोल्याकडचें दुसरें एक गिऱ्हाईक तेवढे देण्यास कबूल होतें आणि रविवारीं येणार होतें. त्यानें गाडीचीं फक्त छायाचित्रें पाहिलीं होतीं. त्यालाही वरातींसाठींच हवी होती.

मिस्त्रींनीं खिशांतून लोहचुंबक काढून त्याला रुमालाचा पदर गुंडाळला, म्हणजे रंगावर ओरखडा उठूं नये. दारांवर चुंबक चटकन् बसला, बॉनेटवर बसला. उंबऱ्यावर आला आणि घसरून खालीं पडला. पुन्हां लावला, पुन्हां पडला. मग त्यांनीं पेचकसाच्या मुठीनें ठोकत ठोकत पुढून मागें कान नेला. चांगला पत्रा टणटणतो. येथें मडक्यांत माती भरल्यासारखा भद्द आवाज निघत होता. "सर, इथं पत्रा नाईच," ते हळूच म्हणाले, "पुट्टी राह्यली नुसती." नंतर दाराची फट. दार आणि मागचा खांब ह्यांमधली फट वरपासून खालपर्यंत सारखी असावी. येथें ती वर जेमतेम दीड सूत आणि खालीं चार सूत होती. याचा अर्थ गाडी मधोमध खचत होती आणि तिचीं दोन्ही टोकें वर एकमेकांकडे झुकत होतीं. जॅक लावून ती बाजू वीतभर उचलली, तों दार असें आवळून बसलें कीं उघडेना.

भाच्याचा चेहरा पडला. त्यानें आम्हांस गोठ्याबाहेर नेऊन सुचविलें कीं टायर जुने आहेत असें कांहीं तरी सांगून निघावें. म्हातारीचें रविवारचें गिऱ्हाईक आपण कां मोडावें? युक्तिवाद अगदींच टाकाऊ नव्हता. साडेतीन लाख त्या बाईंच्या नातीच्या तीन-चार वर्षांची सोय होती. परंतु रविवारचें गिऱ्हाईक गुडघे टेकणार नव्हतें, आणि वरातीच्या गाडींत नवरानवरींबरोबर करवल्या आणि चार पोरें कोंबलेलीं असतात, हें भाच्याहून अधिक कोणास ठाऊक? आम्हीं आंत जाऊन सर्व सांगितलें.

बाईंनीं ट्रंकेंतून एक बिल आणलें. २००९ साली यजमानांनीं एका मोठ्या शहरांतील कारखान्यांत गाडी नवी करवून घेतली होती. बिलांत 'दोन्ही बाजूंस नवा पत्रा' असें स्वच्छ लिहिलेलें, आणि रक्कमही त्या पत्र्याला साजेशी. बाईंनीं आमच्या हातचा चुंबक घेऊन स्वतः लावून पाहिला. तो पडला. त्यांनीं उचलून पुन्हां लावला.

"मंग इतके वर्स उभी कशी राह्यली जी ही?" त्यांनीं विचारलें.

"उभी व्हती म्हून राह्यली, आजी," मिस्त्री म्हणाले. "धावली असती तं मधातच बसली असती."

बाई बराच वेळ कांहीं बोलल्या नाहींत. चहा आला. मग त्यांनीं भाच्यास विचारलें कीं, हें जाणून तूं किती देशील? भाच्यानें दोन लाख दहा हजार सांगितले. आकडा रास्त होता; इंजिन, टपाची कमान, दोन्ही कांचा आणि कागदपत्र उत्तम होते. रविवारच्या गृहस्थास हें सांगितलें तर तो येईल का, असें त्यांनीं आम्हांस विचारलें. बहुधा नाहीं येणार, असें आम्ही म्हणालों. "आन् नाई सांगतलं तं त्यात लेकरं बसतीन," त्या म्हणाल्या, आणि नातीस फोन लावावयास सांगितलें. त्या दोघींचें बोलणें आंतल्या खोलींत झालें. तें आम्हांस ऐकूं आलें नाहीं. बाहेर येऊन त्यांनीं व्यवहार पक्का केला.

वरातीचा बेत तसाही फिसकटला. पन्नास वर्षांहून जुन्या गाड्यांसाठीं २०२१ साली जे नियम झाले त्यांप्रमाणें अशी गाडी 'विंटेज' म्हणून नोंदवितां येते. पाटीवर 'व्हीए' हीं अक्षरें येतात. पण मग ती भाड्यानें फिरवितां येत नाहीं. प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती अशा मोजक्या कामांसाठींच रस्त्यावर आणावी लागते. शिवाय सांगाड्यांत मोठा फेरफार केलेला नसावा, अशीही अट. खाऊन गेलेला पत्रा काढून त्याच मापाचा दुसरा बसविणें हा फेरफार मानावा कीं उपचार, ह्यावर परिवहन कार्यालयांत वाद घालण्याची आमची तयारी आहे.

गाडी आतां यवतमाळास मिस्त्रींच्या कारखान्यांत आहे. उंबरे कापण्यापूर्वीं त्यांनीं दोन्ही दारांच्या पोकळींत लोखंडी नळ्या आडव्या वेल्ड केल्या. तसें न करतां कापलें तर उघडी गाडी जागच्या जागीं दुमडते. मग खालून जॅकनें सूत-सूत उचलीत त्यांनीं फट मोजली आणि खडूनें दारावर लिहून ठेवली. परवां आम्हीं पाहिलें तेव्हां वर अडीच, खालीं तीन होती. अजून अर्धा सूत राहिला आहे, आणि तो आल्याखेरीज नवा पत्रा लावणार नाहीं, असें मिस्त्री म्हणतात.