टाकी, कॅसेट आणि वन्सं

1 जून 2023, गुरुवार

काल रात्री उशिरा पोचलो. सकाळी नळ सोडला तर नुसती हवा. आम्ही तिकडे हिमाचलात असताना महापालिकेने दर गुरुवारी पाणी बंद ठेवायला सुरुवात केलीय. यंदा एल निनोची धास्ती आहे, तेव्हा खडकवासला, पानशेत, वरसगाव आणि टेमघर धरणांत आहे ते पुरवून वापरायचं. वन्सं म्हणाल्या, "अगं, खाली गाडीत अर्धी टाकी आहे की!" मग पुण्यातल्या घरातला पहिला चहा सिन्नरजवळच्या पेट्रोल पंपावर भरलेल्या पाण्याचा झाला.

सोसायटीने गाडी आत लावायला दोनच दिवसांची मुभा दिलीय. नंतर ती नऱ्ह्याला, भाड्याच्या मोकळ्या जागेत.

3 जून, शनिवार

गाडी धुतली. डब्यांच्या तळाशी राजस्थानची वाळू निघाली, आणि आम्ही तर राजस्थानात धौलपूरपुरतेच होतो!

भेटेल तो विचारतो, काय काय पाहिलंत? हे बोगदा, बर्फ, सफरचंदांच्या बागा सांगत बसतात. मला विचाराल तर आमच्या गाडीचं खरं नवल मागच्या कोपऱ्यात, दोन बाय तीनच्या खोक्यात आहे. आकुर्डीच्या कंपनीची ही ट्रॅव्हलर आधी लग्नाची वऱ्हाडं वाहायची. भोसरीत सीटा काढून पलंग, ओटा, छपरावर सोलर आणि हे खोकं बसवून घेतलं. संडासाखाली सुटकेसएवढी टाकी असते, तिला कॅसेट म्हणतात. बाहेरून दार उघडून ती ओढायची, चाकांवर ढकलत न्यायची आणि कुठल्या तरी संडासात रिकामी करायची. हे काम ह्यांचं. लग्नानंतर इतक्या वर्षांनी हा शोध लागला, की ह्यांना नाक दाबून गाणं म्हणता येतं.

माझा सगळा जन्म एसटीत गेला. प्रवास म्हटला की आदल्या रात्रीपासून पाणी तोडायचं, ही आम्हा बायकांची रीत. आई तशी, सासूबाई तशा, वन्सं तशा. स्टँडवरच्या त्या जागी जायचं नाही म्हणून घसा सुकवायचा आणि घरी पोचल्यावर लघवीच्या जळजळीवर धण्याचं पाणी प्यायचं. वन्सं चौऱ्याहत्तर वर्षांच्या, गुडघ्यांनी अधू, उकिडवं बसता येत नाही. धुळ्याच्या उन्हात त्यांनी बाटली तोंडाला लावली ती संपवूनच खाली ठेवली. गाडीसाठी मोडलेली एफडी तिथे वसूल झाली.

8 जून, गुरुवार

आज बादल्या आधीच भरून ठेवल्या होत्या. वन्सं तांब्यानेच भांडी विसळतात. गाडीतली शंभर लिटरची टाकी तिघांना दोन दिवस पुरायची ती त्यांच्यामुळे. मी घरी परतल्या परतल्या शॉवरखाली उभी राहिले, हे त्यांच्या नजरेतून सुटलं नाही.

आमचा रस्ता जुनाच. नाशिक, धुळे, इंदूर, ग्वाल्हेर, आग्रा, पानिपत. भाऊसाहेब मराठ्यांची फौज घेऊन मार्च 1760 मध्ये परतूरहून निघाले आणि 14 जानेवारी 1761 ला सगळं संपलं. त्या फौजेबरोबर बाया होत्या, यात्रेकरू होते, बाजारबुणगे होते. शाळेत आम्ही त्यांना ओझं म्हणूनच शिकलो. काला आंबच्या स्मारकाशी ह्यांनी व्यूह समजावून सांगायला घेतला. वन्सं ऐकत होत्या, मग म्हणाल्या, "अरे, त्या बाया आडोशाला कुठे जात असतील?" ह्यांच्यापाशी उत्तर नव्हतं. मी वाचलेल्या पुस्तकांतही नाही. आमच्या गाडीत तर लढणारं कुणीच नाही, तिघंही बुणगेच.

पुढे अटल बोगदा. नऊ किलोमीटर, आणि रोहतांगची खिंड डोक्यावर राहून जाते. पलीकडे सिस्सूला पाणी नव्वद अंशांच्या आसपासच उकळतं. कुकरशिवाय तूरडाळ शिजेना, म्हणून दोन दिवस पिठलं.

12 जून, सोमवार

पालख्या आल्या. वन्संना नाना पेठेत निवडुंग्या विठोबापर्यंत घेऊन गेले. माउली भवानी पेठेत, तुकोबा इथे.

दरवर्षी बघते ते यंदा वेगळ्याच डोळ्यांनी पाहिलं. दिंडीमागचा ट्रक म्हणजे बाडबिस्तरा, राहुट्या, पातेली, शेगड्या, पिठाची पोती, मागोमाग पाण्याचा टँकर. चालणाऱ्याआधी ट्रक मुक्कामाला पोचतो आणि चूल पेटते. आमच्यासारखे लोक आत्ता कुठे यूट्यूब बघून शिकताहेत, ते हे लोक कधीचे करताहेत. परभणीकडच्या एक मावशी फिरत्या शौचालयांच्या रांगेत होत्या. म्हणाल्या, पूर्वी पहाटे तीनला उठून अंधार गाठावा लागायचा.

सरकारने 2021 मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं. चांगलंच आहे. पण आम्हाला कॅसेट रिकामी करू दिली ती ढाब्यांनी, पंपांनी आणि हरियाणातल्या एका गुरुद्वाऱ्याने. गुरुद्वाऱ्यात तर वर जेवायलाही बसवलं.

25 जून, रविवार

आला एकदाचा. पुण्यात पाऊस, मुंबईत आणि दिल्लीतही मान्सून एकाच दिवशी. अशी गाठ याआधी 21 जून 1961 ला पडली होती म्हणे. वन्सं तेवढ्यावर गप्प झाल्या.

नऱ्ह्याला जाऊन पाहिलं. सोलरच्या पॅनेलपाशी छत झिरपतंय, सिलिकॉन भरावं लागेल.

12 जुलै, बुधवार

तीन दिवस टीव्हीवर बियास नदी. कुल्लू-मनाली रस्ता खचलाय, इमारती वाहून जाताहेत. मे महिन्यात त्याच काठावर एका बागेशेजारी आम्ही मुक्काम केला होता. पाण्याचा आवाज येतो म्हणून मुद्दाम गाडी नदीकडे तोंड करून लावलेली. ह्यांनी फोनमधला फोटो काढून जागा ओळखायचा प्रयत्न केला, जमलं नाही.

आज पानशेत फुटल्याला 62 वर्षं झाली. वन्सं तेव्हा बारा वर्षांच्या, घर नारायण पेठेत. हे तर तान्हे होते. चपला घालायलाही वेळ मिळाला नाही म्हणतात. घर गेलं आणि मग गोखलेनगरच्या अर्धगोल पत्र्याच्या निसन हटमध्ये बिऱ्हाड. पुरानंतर पाण्यासाठीच रांग आणि संडासालाही रांग. "तुमची ही मोटार त्या हटपेक्षा लहान आहे," त्या म्हणाल्या, "पण संडास आतच आहे."

दिवाळीनंतर रामेश्वर काढायचं ठरतंय. वन्संची एक अट आहे, मुक्काम नदीकाठी नको, पंपावर हवा. हे लगेच वहीत रेघा मारून पंपांची यादी करायला बसले. कॅसेटच्या झाकणाचं रबर झिजलंय, त्याचा पत्ता मात्र बुधवार पेठेतल्या चार दुकानांत अजून लागलेला नाही.