हाताला न लागणारी खूण

अब्बांच्या इंतकालानंतर चार वर्षांनी आम्ही दोघा भावांनी १९६६ची एक एमजीबी विकत घेतली. दोन आसनांची, उघड्या टपाची, लाल रंगाची स्पोर्ट्स कार. आमच्यातला एक बस चालवतो, दुसरा शाळेत शिकवतो. असले शौक करण्याची आमची ऐपत नाही. गाडी टेम्पोतून उतरवताना अम्मी म्हणाली, "या भंगाराला एवढे पैसे मोजलेत?"

आम्ही काय सांगणार? अब्बा दापोलीकडच्या गावातून १९६४ साली इंग्लंडात आले आणि कॉव्हेंट्रीत मॉरिस बॉडीजच्या रंगखात्यात लागले. एमजीबीचा पत्र्याचा सांगाडा स्विंडनला तयार होई. उघड्या टपाच्या गाडीचा सांगाडा रंगासाठी कॉव्हेंट्रीत येई आणि पुढे ॲबिंग्डनला त्यात इंजिन बसे. म्हणजे ही गाडी अब्बांच्या खात्यातून गेलेली असणार.

आम्ही ती उलगडायला घेतली. बॉनेटखालच्या पट्टीवर जीएचएन३ आणि पुढे आकडे. 'जी' म्हणजे एमजी, 'एच' म्हणजे इंजिनाचा आकार, 'एन' म्हणजे दोन आसनांची उघडी गाडी. इंजिनावर १८जीबी, तेही त्याच काळाचं. कारखान्याच्या जुन्या नोंदवह्यांवरून मिळणारा दाखला मागवला. त्यात मूळ रंग निघाला 'ओल्ड इंग्लिश व्हाइट'. लाल रंग नंतर कुणीतरी चढवलेला.

पण आमचा जीव या सरकारी थाटाच्या आकड्यांत नव्हता. दाराच्या आतला पुठ्ठा काढला तेव्हा त्याच्या मागे निळ्या मेणखडूनं लिहिलेले आकडे दिसले. डॅशबोर्डमागे एक बरोबरची खूण आणि तिच्याखाली घाईघाईनं ओढलेली रेघ. ज्यानं ती ओढली त्याला ठाऊक होतं, यावर झाकण बसणार आणि हे कुणी पाहणार नाही. आम्ही बॅटरीच्या उजेडात एकेक कोपरा धुंडाळला. उर्दू अक्षर, मराठी अक्षर, निदान अब्बांच्या सहीतला तो वाकडा 'म' कुठे सापडतो का?

सापडला नाही. मग आठवलं, तो सापडणार कसा? अब्बांचं काम घासण्याचं. रंगाआधीचा अस्तराचा हात सुकला की पाण्यात भिजवलेल्या पॉलिशपेपरनं तो गुळगुळीत करायचा. पाळीभर हात ओले. घरी आल्यावर जेवताना मीठ लागलं की बोटं चुरचुरत. लहानपणी आम्ही विचारलं होतं, "अब्बा, तुम्ही गाडीचा कुठला भाग बनवता?" त्यांनी डोळे मिटून आमच्या जेवणाच्या टेबलावरून तळहात फिरवला आणि म्हणाले, "हाताला काही लागलं नाही, की समजायचं माझं काम झालं."

आम्ही खूण शोधत होतो, आणि त्यांची सगळी मेहनत खूण उरू नये यासाठी होती.

खरी पंचाईत पुढेच होती. दारांखालच्या पट्ट्या गंजानं खाल्ल्या होत्या. त्या कापून नवा पत्रा जोडायचा आणि रंग नीट बसावा म्हणून गाडी उघड्या पत्र्यापर्यंत तासायची. लाल थराखाली पांढरा, पांढऱ्याखाली अस्तर. ते अस्तर कुणी घासलं असेल? त्या खात्यात हात पुष्कळ होते. अब्बांचा हात या गाडीवर फिरलाच, असं आम्ही छातीठोकपणे सांगू शकत नाही. नव्हताच, असंही कुणी सांगू शकत नाही. गाडी दुरुस्त करायची म्हणजे नेमकं तेच पुसायचं.

तीन रविवार यंत्र तसंच पडून राहिलं. चौथ्या रविवारी अम्मी चहा घेऊन आली. आम्ही तिला सगळं सांगितलं. तिनं कप ठेवला आणि गंजलेल्या पट्टीवर बोट टेकलं. पत्र्याचा चुरा तिच्या बोटाला लागला. "हे असं ठेवलेलं त्यांना खपलं असतं का?" एवढंच ती म्हणाली.

आम्ही बिस्मिल्ला म्हणून तासायला सुरुवात केली. डॅशबोर्डमागे, मेणखडूच्या रेघेशेजारी, वीतभर जुना पांढरा रंग तेवढा राखला. बाकी अस्तर चढवून, पाणी घेऊन, आळीपाळीनं घासत बसलो. संध्याकाळी अम्मीला बोलावलं. तिनं डोळे मिटले आणि दारावरून तळहात फिरवला. मधेच तिचा हात थांबला.

"इथे लागतंय," ती म्हणाली.

आम्ही पुन्हा पाणी घेतलं.