माझ्या समुद्राला वारा नव्हता

मला चाचे आवडतात. अद्भुतकथा लिहिणाऱ्या बाईने हे सांगताना आढेवेढे घेण्याचे काही कारण नाही. भा. रा. भागवतांनी मराठीत आणलेला ज्यूल व्हर्न वाचून मला समुद्राचे वेड लागले. पुढे ‘ट्रेझर आयलंड’ हाती पडले आणि ते वेड चाच्यांकडे वळले, ते आजतागायत सुटलेले नाही. माझ्या टेबलासमोरच्या भिंतीवर बार्थोलोम्यू रॉबर्ट्सचे चित्र आहे. १७२२ साली आफ्रिकेच्या किनाऱ्यावर तो शेवटच्या लढाईला उभा राहिला, तेव्हा त्याच्या अंगात किरमिजी रंगाचे उंची जाकीट होते आणि गळ्यातल्या सोन्याच्या साखळीत हिऱ्यांचा क्रूस होता, असे त्याच्या चरित्रकाराने लिहून ठेवले आहे. त्याच्या जहाजावरच्या वादकांना रविवारी सुट्टी असे. असा माणूस भेटल्यावर लेखकाला तो सोडवत नाही.

या आवडीच्या भरात माझ्या पहिल्या कादंबरीत काही चुका झाल्या, त्यांतल्या एकीला तर चूक म्हणणेही सौम्य ठरेल.

मी पहाटे लिहिते. घर जागे झाले की भाषांतराची कामे सुरू होतात, कारण पोट त्यांच्यावर चालते. मराठीत अद्भुत कादंबरीची पहिली आवृत्ती हजाराच्या आसपास निघते, तेवढ्यावर कोणाचे घर चालत नाही. पहाटेचा तो वेळ मी कितीतरी महिने नकाशा रंगवण्यात घालवला. बेटे, खाड्या, बंदरे, बंदरांची कुलदैवते, सगळे काढून झाले. गोष्ट पुढे सरकत नव्हती तरी काम चालू आहे असे वाटत होते. नव्याने लिहू लागलेल्या मुलामुलींना मी आता सांगते, आधी माणूस गलबतात बसवा, नकाशा मागाहून काढा.

नकाशा एवढा बारकाईने काढूनही त्यात वारा नव्हता. माझ्या चाच्यांचा तांडा भर आषाढात कोकणासारख्या किनाऱ्यावरून पश्चिमेला निघाला होता. वाऱ्याची अडचण आली की एक मांत्रिक फुंकर घाली, शिडे भरत आणि प्रकरण पुढे जाई. अलिबागच्या कोळीवाड्यातल्या एका म्हाताऱ्या तांडेलाला मी तो भाग हौसेने वाचून दाखवला. त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतले आणि विचारले, “आषाढात काढलंस गलबत? वारा कुठला धरलास गो बाय?”

मग त्यांनी मला समोर बसवून समुद्राचा दिवस समजावून दिला. पहाटे जमिनीवरून मतलई वारा सुटतो, त्यावर बाहेर पडायचे. दुपारी समुद्रावरून खारा वारा येतो, त्यावर परतायचे. मधे वारा पडतो तेव्हा वल्ही. ज्येष्ठात होड्या ओढून वर घ्यायच्या, झापांनी शाकारायच्या, आणि नारळी पौर्णिमेला नारळ अर्पण केल्याशिवाय समुद्रावर जायचे नाही. हल्ली १ जून ते ३१ जुलै सरकारी मासेमारीबंदी असते, पण हा नेम तिच्यापेक्षा फार जुना आहे.

घरी येऊन मी आंग्र्यांच्या आरमाराची टिपणे पुन्हा काढली. त्यात सगळे होते, मला दिसले नव्हते एवढेच. गलबत फार तर सत्तर टनांचे, पण त्याला चाळीस-पन्नास वल्ही. वारा पडला की इंग्रजांचे मोठे जहाज जागच्या जागी लटकून राही. मग गलबते दोर लावून गुराबांना, म्हणजे तोफांच्या मोठ्या लढाऊ जहाजांना, ओढत त्याच्या पिछाडीला आणत. तिथे तोफा कमी, आणि गुराबांच्या तोफा नाळेवरून पुढच्या बाजूला डागता येत. म्हणजे वाऱ्याचे पडणे हीच लढाईची वेळ. मांत्रिकाच्या एका फुंकरीने मी माझ्या कादंबरीतली सगळ्यात उत्कंठेची घटका घालवली होती. कल्पनेतल्या समुद्रात काहीही चालते असे मी तोवर धरून चालले होते. आता मला वाटते, जिथे वारा अडवत नाही तिथे मंत्रालाही किंमत उरत नाही.

त्याच कादंबरीत कान्होजी आंग्र्यांवर बेतलेला एक सरखेल, म्हणजे आरमारप्रमुख, होता आणि त्याला मी खुशाल चाच्यांचा राजा करून टाकले होते. हे तर कोकणाशी नाते सांगणाऱ्या लेखिकेकडून व्हायलाच नको होते. कान्होजी दस्तके देत, दस्तकाशिवाय फिरणारे जहाज धरत. पोर्तुगीजही आपले कर्ताझ नावाचे परवाने याच समुद्रात सक्तीने घ्यायला लावत होते. कान्होजींना चाचे म्हणत ते त्यांचे शत्रू. त्यांतल्या इंग्रजांची पुस्तके वाचून मी तेच चित्र उचलले, त्याला रंगीत फेटा बांधला आणि त्यांची माफीही मागितली नाही. ती इथे मागते.

खरी गोष्ट पुढे आहे.

कादंबरीच्या मध्यावर लुटीचे एक मोठे प्रकरण होते. वाचकांना तेच सर्वांत आवडले. हसत-गात चाचे एका बादशहाच्या जहाजावर चढतात, नाण्यांचे ढीग लागतात, रात्रभर फिडल वाजते. हे प्रकरण मी ‘गंज-इ-सवाई’वर रचले होते. १६९५ साली औरंगजेबाचे हे जहाज हाजींना आणि व्यापाऱ्यांना घेऊन परतत होते. सुरतेहून काही दिवसांच्या अंतरावर हेन्री एव्हरी या इंग्रज चाच्याने ते गाठले. नैर्ऋत्य मोसमी वाऱ्याच्या शेवटच्या टप्प्यात ही जहाजे तांबड्या समुद्रातून निघतात हे चाच्यांना पाठ होते, म्हणून ते त्या समुद्राच्या तोंडाशी, बाब-अल-मंदेबला, दबा धरून राहिले होते. बातमी सुरतेत पोचल्यावर वखारीतले इंग्रज कैदेत पडले.

या लुटीची हकिकत इतिहासकार खाफीखानाने आपल्या ‘मुन्तखब-उल-लुबाब’मध्ये दिली आहे. तिचे भाषांतर मी कादंबरी लिहिण्याआधी वाचले होते. माझी त्या वेळची वही आजही माझ्याकडे आहे. हिरव्या शाईने टिपले आहे : ऐंशी तोफा, चारशे बंदुका, बावन्न लाख रुपये. बावन्न लाखांखाली दोन रेघा आहेत. त्याच हकिकतीत, जवळच, खाफीखान सांगतो की चाच्यांनी बायकांची विटंबना केली, काहींनी समुद्रात उड्या घेतल्या, काहींनी सुऱ्याने जीव दिला. हे माझ्या वहीत नाही.

मी ते वाचले नव्हते असे नाही. वाचले, आणि लिहून घेतले नाही, कारण लिहून घेतले असते तर फिडल वाजवता आली नसती. माझ्या प्रकरणात बादशहाचे जहाज होते, नाखवा होता, तिजोरी होती, एकही बाई नव्हती. हजहून परतणाऱ्या जहाजावरून मी सगळ्या बायका उतरवून ठेवल्या होत्या.

दुसरी आवृत्ती निघाली तेव्हा प्रकाशकांनी काही बदल आहेत का म्हणून विचारले होते. तांडेलांनी दाखवलेली आषाढाची चूक मी दुरुस्त केली, तांडा कार्तिकात नेला. लुटीचे प्रकरण मात्र जसेच्या तसे जाऊ दिले. ते लोकांना आवडत होते.

चाच्यांची आवड यामुळे गेली नाही आणि ती जावी असे मला वाटतही नाही. रॉबर्ट्सच्या जहाजावर प्रत्येकाला मत होते, लढाईत हातपाय गमावणाऱ्याला सामाईक पैशातून भरपाई होती, त्या काळच्या व्यापारी जहाजांवर खलाशांना मिळणाऱ्या वागणुकीपुढे हे थोडे नव्हे. ते खरे आहे आणि समुद्रात उडी घेतलेली बाईही खरी आहे. दोन्ही एका पुस्तकात मावतील अशी कथा मला लिहायची आहे.

सध्या तीच लिहिते आहे. ती तांबड्या समुद्रावरच्या मोख्याच्या बंदरात सुरू होते. जहाजावर सुरतेची एक विधवा आहे, तिच्याबरोबर खजुराच्या टोपल्या, झमझमचे पाणी भरलेले पत्र्याचे डबे आणि बोलायला कंटाळा न करणारी नात आहे. मांत्रिक आहे, पण तोही वाऱ्याची वाट बघतो. लाल जाकिटातला कप्तान अजून कथेत आलेला नाही. त्याचे संवाद मी आधीच लिहून ठेवले आहेत, चांगले उतरले आहेत. पण तो ज्या दिवशी चढेल त्या दिवशी डेकवर नात असणार आहे, आणि म्हणून ते प्रकरण मी रोज पहाटे उघडते आणि मागच्या प्रकरणातल्या टोपल्या आवरत बसते.