बावीस पेट्या

१४ एप्रिल
पहाटे चारला देवगड सोडलं. मागची सीट पाडून हापूसच्या बावीस पेट्या रचलेल्या. करूळ घाट चढून गगनबावडा ओलांडला आणि पुढे एका वळणावर समोरून आलेल्या ट्रॅक्टरला चुकवताना गाडी झाडावर गेली. मला खरचटलं तेवढंच. सहा पेट्यांचा चिखल झाला. उरलेला माल कोल्हापूरच्या गिऱ्हाइकाने स्वतः येऊन नेला, भला माणूस.

१६ एप्रिल
गॅरेजवाल्याने ६८ हजारांचा अंदाज दिला. फुल इन्शुरन्स आहे म्हणून निर्धास्त.

२३ एप्रिल
सर्व्हेअर आले. बंपरपेक्षा मागच्या काचेचेच फोटो जास्त काढले. काचेवर मीच हौसेने लावलेला स्टिकर: ‘अस्सल देवगड हापूस, घरपोच’, खाली मोबाइल नंबर.

९ मे
दावा नामंजूर. कारण, गाडीचा वापर पॉलिसीच्या मर्यादेबाहेर.

संध्याकाळी चार वर्षांत पहिल्यांदा पॉलिसी वाचली. भाड्याने देणं, शर्यत आणि मालवाहतूक वगळून बाकी कुठल्याही कामाला गाडी चालते. मालवाहतुकीतून सूट फक्त नमुन्यांना आणि स्वतःच्या सामानाला. म्हणजे डॉक्टर व्हिजिटला गेला, विमा एजंट गिऱ्हाइकाकडे गेला तर हरकत नाही, तोही धंदाच असला तरी. बाबांना वाचून दाखवलं. ते पान जुळवता जुळवता म्हणाले, “एक पेटी म्हणजे नमुनो, बावीस पेट्यो म्हणजे धंदो. ह्यात कळाचा नाय असा काय आसा?”

११ मे
एजंटला फोन. “दादा, तुम्ही सांगितलंच नाहीत ना!” मी सांगितलं नाही हे खरं, त्यानेही विचारलं नाही. मागच्याच हंगामात त्याने माझ्याकडून दोन पेट्या नेल्या होत्या, त्याच गाडीतून.

त्याच्याकडून कळलं ते लिहून ठेवतो. गाडी मालवाहू म्हणून नोंदवायची तर पिवळी पाटी, फिटनेस आणि वेगळा विमा. एकूण वजन तीन हजार किलोंपर्यंत असेल तर परमिटची गरज नाही. मी मात्र परमिटच्याच कटकटीला भिऊन इतकी वर्षं टाळाटाळ केली!

१३ मे
ओळखीच्या वकिलांकडे गेलो. सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये अमलेंदू साहू यांच्या प्रकरणात म्हटलंय की खासगी गाडी भाड्याने वापरली म्हणून दावा सरसकट फेटाळता येत नाही. ‘नॉन-स्टँडर्ड’ धरून देय रकमेच्या ७५ टक्क्यांपर्यंत देता येतात. माझी गाडी भाड्याची नव्हती, माल घरच्या बागेतला होता. तरी चूक माझीच, हे वकिलांनी दोनदा ऐकवलं. आज कंपनीला लेखी तक्रार रजिस्टर पोस्टाने धाडली.

१५ जून
महिना उलटला, उत्तर नाही. पुण्याच्या विमा लोकपालांकडे अर्ज केला. फी नाही, वकीलही लागत नाही.

पुढच्या हंगामाचं आजच ठरवून टाकलं. माल वाडीतल्या पिवळ्या पाटीच्या टेम्पोने जाईल, पेटीमागे ६० रुपये.