सहा माणसांचा छापखाना

माझ्या वडिलांचा छापखाना म्हणजे कौलारू घराची पुढली पडवी, एक ट्रेडल यंत्र आणि सहा माणसे. लग्नपत्रिका, पावतीपुस्तके, पतपेढीचे वार्षिक अहवाल, क्वचित एखादा कवितासंग्रह, एवढाच आमचा व्याप. 1994 साली वडील निवर्तले आणि त्यांची खुर्ची माझ्याकडे आली. खुर्चीबरोबर अधिकारही आपोआप येतो, अशी तेव्हा माझी भाबडी समजूत होती.

कामगारांत सर्वांत ज्येष्ठ होते आमचे जुळारी. सारे त्यांना ‘मामा’ म्हणत. काना, मात्रा, वेलांट्या, जोडाक्षरे मिळून मराठी जुळणीला खिळ्यांचे असंख्य खाने लागत. त्या खान्यांतून मामांचा हात न पाहता फिरे. छपाई संपली की प्रत्येक खिळा पुन्हा आपल्या खान्यात टाकावा लागे. एक खिळा चुकीच्या खान्यात पडला, तर पुढच्या कामात तो चूक होऊन उभा राही.

गिऱ्हाईक तक्रार घेऊन आले की वडील म्हणत, “चूक माझी. प्रूफ मी तपासलं होतं.” ते गेल्यावर मामांना ती जागा नुसती बोटाने दाखवीत. 1869 साली ‘निर्णयसागर’ छापखाना काढणारे जावजी दादाजी एकेकाळी छापखान्यातील साधे कामगार होते, हे ते आम्हांला वारंवार सांगत. खिळे जुळवणाऱ्याला कमी लेखू नये, एवढाच त्यातील त्यांचा रोख असे.

माझ्या कारकिर्दीच्या दुसऱ्याच वर्षी, ऐन लग्नसराईत, एका पत्रिकेवर 14 ऐवजी 24 तारीख छापली गेली. तीनशे पत्रिका वाया गेल्या. गिऱ्हाइकादेखत आणि साऱ्या कामगारांदेखत मी कडाडलो, “मामा, डोळ्यांना दिसत नसेल तर सांगा. दुसरा माणूस बघतो!”

मामा काहीच बोलले नाहीत. हातातली जुळणी पुरी करून ते घरी गेले.

दुसऱ्या दिवसापासून छापखाना अगदी शिस्तीत चालू लागला. सारे वेळेवर येत, सांगितलेले काम करीत, वेळेवर जात. मात्र पूर्वी शाई फिकी पडताच यंत्रावरचा माणूस आपण होऊन यंत्र थांबवी. आता मी सांगेपर्यंत तो थांबेना. आठवड्याभरात मला उमगले की पगार देऊन माणसाचे आठ तास घेता येतात, पण फिकी शाई मालकाच्या आधी पाहणारी नजर त्या पगारात येत नाही.

पुढे हिशेब तपासताना तारेला टोचून ठेवलेल्या कागदांत त्या पत्रिकेचा मजकूर सापडला. अक्षर माझेच होते आणि आकडा स्पष्ट होता: 24.

तो कागद दोन दिवस माझ्या खिशात राहिला. फाडून टाकावा, असेही मनात येऊन गेले. शेवटी शनिवारी, पगार वाटण्यापूर्वी, तो सर्वांसमोर टेबलावर ठेवून मी म्हणालो, “चूक माझी होती. मामा, मला क्षमा करा.”

मामा शांतपणे म्हणाले, “बाबू, मला तेव्हाच ठाऊक होतं. कागद तारेला मीच लावला होता.”

“मग बोलला का नाहीत?”

“गिऱ्हाइकासमोर मालकाला खोटं पाडायचं? तुझ्या वडिलांनी मला तसं कधी पाडलं नाही.”

1998 साली संगणक घेण्याची वेळ आली. खिळ्यांचे दिवस संपत आले होते. या खेपेस मात्र आधी साऱ्यांना बसवून विचारले. कुणाचे काम जाईल, ही भीती त्यांनी उघड बोलून दाखवली. आम्ही ठरवले की संगणकावर नवा मुलगा बसेल आणि मामा त्याची प्रुफे तपासतील. त्या मुलाला यंत्र येत होते, पण ‘रफार’ कुठल्या अक्षरावर द्यावा हे येत नव्हते. मामांनी त्याला ते वर्षभर शिकवले.

मामा निवृत्त झाले, तेव्हा ग्रॅच्युइटीचा 1972 चा कायदा दहा वा अधिक कामगारांच्या आस्थापनांना लागू होता. आम्ही कामगार जेमतेम सहा. कायद्याने माझ्यावर काहीच बंधन नव्हते. तरीही दर वर्षामागे पंधरा दिवसांचा पगार, या त्याच हिशेबाने मी त्यांची रक्कम काढली. एकदम देण्याची ऐपत नव्हती, म्हणून चार हप्त्यांत दिली. चौथा हप्ता घेताना मामांनी नोटा मोजल्या नाहीत. “मोजून घ्या,” म्हणालो, तर ते हसले.

ट्रेडल यंत्र कधीच भंगारात गेले. शिशाचे खिळे वजनावर विकले गेले. आज माझ्याकडे चारच माणसे आहेत. गिऱ्हाईक तावातावाने आत आले की मी उठून उभा राहतो आणि म्हणतो, “चूक माझी.” वडिलांइतक्या सहजतेने मात्र ते दोन शब्द मला अजूनही उच्चारता येत नाहीत.